शंभराला पन्नास पैसे

उलव्याला स्वतःचा डोंगर होता. नवी मुंबईच्या विमानतळाच्या आड येत होता म्हणून तो सुरुंग लावून फोडला. नव्वदेक मीटर उंचीचा चांगला डोंगर, शेजारून वाहणारी उलवे नदी. नदी वळवून बाजूने नेली, डोंगराचा भराव झाला आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडू लागली. माझं त्यावर काही म्हणणं नाही. विमानतळही हवा आणि डोंगरही हवा, असा हट्ट धरणाऱ्याने उलव्यात फ्लॅट बघायला येऊच नये. मला नोंद करायची आहे ती वेगळीच. डोंगर गेल्यापासून उलव्यात डोंगर चढायचं सामान वाढत चाललं आहे.

आमच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली की दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून उभी राहणारी माणसं आहेत. त्यांच्या चपलांच्या स्टँडवर मात्र घोट्याच्या वर जाणारे, चिखलात न घसरणारे, पाणी आत न घेणारे बूट आहेत. कपाळाला बांधायच्या बॅटऱ्या आहेत. घडीच्या काठ्या आहेत. एका गृहस्थांकडे उणे तापमानात वापरायचे हातमोजे आहेत. उलव्यात बर्फ दिसतो तो फक्त मासळी बाजारात, पापलेटाच्या अंगाखाली. आणि तिथे असले हातमोजे घालून गेलं तर भाव वाढतो. हे सगळं खेळाच्या ओढीने आलं असं बाहेरच्याला वाटेल. ते पॉइंटांच्या ओढीने आलं.

रीत साधी आहे. बामणडोंगरीला किंवा खारकोपरला लोकलमध्ये बसायचं (बामणडोंगरीच्या नावात तेवढी डोंगरी अजून शाबूत आहे), खाडी ओलांडायची आणि पलीकडच्या एका अवाढव्य दुकानात शिरायचं. दुकानाचं नाव सांगत नाही; तुम्ही ज्या दुकानात जाता तेच समजा. तंबूपासून तिरंदाजीपर्यंत सगळे मैदानी खेळ एकाच छपराखाली, आणि तेही एसीत. टोपली भरून काउंटरवर गेलात की तिथला मुलगा किंमत सांगायच्या आधी विचारतो, "सर, नंबर?"

इथून खरा खेळ सुरू होतो. मराठी माणूस दुकानात शिरला की हिंदीत बोलतो, आणि हिंदीतले आकडे त्याला पन्नासच्या पुढे येत नाहीत. "नौ, आठ, दो... फिर उनासी. नहीं नहीं, उनसठ. वो क्या बोलते हैं, साठ से एक कम." मागे रांग खोळंबते. मुलगा शांतपणे म्हणतो, "काका, मराठीत सांगा. मी साताऱ्याचाय."

पण मराठीत सांगायचा तरी कुणाचा? घर कुणाच्या नावावर, गाडी कुणाच्या नावावर, हे आपल्याकडे लग्नानंतर दोनेक वर्षांत निकालात निघतं. पॉइंट कुणाच्या नावावर, हा प्रश्न भल्याभल्या संसारांत लोंबकळतो आहे. नवऱ्याचा नंबर दिला तर बायको म्हणते, निम्मी खरेदी माझी होती. बायकोचा दिला तर ते स्त्रीधन होतं, त्याला नंतर हात लावता येत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या जोडप्याने यावर तोडगा म्हणून खातं मुलाच्या नंबरवर उघडलं. मुलगा पुढे नोकरीसाठी सिअ‍ॅटलला गेला. भारतातला नंबर त्याने बँकेसाठी चालू ठेवला आहे. आता हे काका संध्याकाळी खाडीपलीकडे मोज्यांची जोडी घेतात आणि पॉइंट वापरायचा ओटीपी सिअ‍ॅटलला वाजतो. तिथे तेव्हा पहाट झालेली नसते. मुलगा झोपेत सहा आकडे सांगतो, काका ते काउंटरवर मोठ्याने म्हणतात, आणि अडतीस रुपये वाचतात. "पोरगा लांब असला तरी उपयोगी पडतो," असं ते लोकांना सांगतात.

गंमत अशी की या खुळाचं एक मूळ त्याच सिअ‍ॅटलमध्ये आहे. तीसच्या दशकात लॉइड आणि मेरी अँडरसन या गिर्यारोहक जोडप्याने बर्फात वापरायची कुऱ्हाड थेट ऑस्ट्रियाहून मागवली. टपालखर्चासह साडेतीन डॉलरला पडली; गावातल्या दुकानात भाव कितीतरी जास्त. मित्र म्हणाले, आम्हालाही मागव. त्यातून १९३८ साली सहकारी संस्था उभी राहिली, ती आज आरईआय या नावाने अमेरिकाभर दुकानं चालवते. तीस डॉलर भरले की तहहयात सभासद, आणि वर्षाच्या खरेदीवर साधारण दहा टक्के परत. काकांच्या मुलाने हे व्हिडिओ कॉलवर मोठ्या कौतुकाने सांगितलं. काका मिनिटभर ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे पतपेढीच की रे."

बरोबरच आहे. महाराष्ट्राला हे शिकवायला सिअ‍ॅटलची गरज नव्हती. लाभांश नऊ टक्के जाहीर झाला तरी वार्षिक सभेला शुकशुकाट, आणि 'उपस्थित सभासदांना स्टीलचा डबा' अशी ओळ नोटिशीत पडली की सभागृहाबाहेर रांग, हे पतपेढीच्या कुठल्याही चेअरमनला ठाऊक आहे. माणसाला टक्का दिसत नाही, डबा दिसतो. अमेरिकेत स्पेरी अँड हचिन्सन कंपनीने १८९६ पासून खरेदीवर हिरवे स्टँप द्यायला सुरुवात केली. बायका ते वहीत चिकटवायच्या आणि वह्या भरल्या की इस्त्री नाहीतर दिवा आणायच्या. आपल्याकडे चहाच्या पुड्यांतली कुपनं होती. ऐंशीच्या दशकात तर पोरांनी बबलगमच्या वेष्टनातल्या धावा आणि विकेटी जमवल्या. स्वतः एकही धाव न काढता शतक ठोकायचं हे कौशल्य तेव्हा ज्यांनी कमावलं, तीच पिढी आज उलव्यात टूबीएचकेचे हप्ते फेडते आहे आणि एकही चढ न चढता गोल्ड मेंबर झाली आहे.

आता हिशेब. तुमच्या दुकानात दर वेगळा असेल, आमच्या ओळखीतला असा आहे: शंभर रुपयांना दोन पॉइंट, आणि चार पॉइंटांचा एक रुपया. म्हणजे शंभराला पन्नास पैसे. अर्धा टक्का. अटल सेतूवर गाडीचा एका वेळचा टोल २५० रुपये आहे. तेवढे पॉइंटांतून काढायचे तर ५० हजारांची खरेदी करावी लागते. एका तरुणाने ती बरीचशी एका फटक्यात उरकली आणि गियरवाली सायकल घेतली. उलव्याहून शिवडीला समुद्रावरून सायकलने जायचं असा त्याचा बेत होता. अटल सेतूवर दुचाकींना आणि रिक्षांना मनाई आहे, सायकल तर लांबच राहिली. ती आता पार्किंगमध्ये असते. तिच्यावर ओली छत्री छान वाळते.

खरं तर टक्क्यांच्या बाबतीत उलवेकराला फसवणं सोपं नाही, कारण हा सगळा भाग टक्क्यांवरच वसला आहे. सत्तरच्या दशकात सिडकोसाठी इथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई भागात आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. विमानतळाच्या वेळी तो आकडा साडेबावीस झाला. इथल्या माणसाने टक्क्याचा अर्धा भागसुद्धा फुकट घेतलेला नाही; त्याची किंमत मोजली आहे. मूळ गावातल्या एका आजोबांना मी ही दुकानाची योजना समजावून सांगितली. त्यांनी ओटीवर बसल्या बसल्या पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाले, "अर्धा टक्का? आमी सारेबारा घेतल्याबिगर गप नाय बसलो." आणि तंबाखू मळायला लागले.

नव्या वस्तीतल्या आम्हा लोकांत तो बाणा नाही. आम्हाला अर्ध्या टक्क्याने गुंडाळता येतं, आणि ते कसं, हेही शास्त्र सांगून ठेवलेलं आहे. न्यूनेस आणि ड्रेझ या दोन प्राध्यापकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाड्या धुण्याच्या केंद्रावर तीनशे गिऱ्हाइकांना कार्डं वाटली. निम्म्यांच्या कार्डावर आठ रिकामे चौकोन: आठ वेळा गाडी धुवा, एक धुणं फुकट. उरलेल्यांच्या कार्डावर दहा चौकोन, पण त्यातल्या दोनांवर आधीच शिक्का मारलेला. दोघांनाही आठच वेळा यायचं होतं. पहिल्यांपैकी १९ टक्क्यांनी कार्ड पुरं केलं, दुसऱ्यांपैकी ३४ टक्क्यांनी. दुकानात नाव नोंदवताच 'स्वागताचे शंभर पॉइंट' का मिळतात ते आता कळलं असेल. ते शंभर म्हणजे पंचवीस रुपये. पण अ‍ॅपमध्ये एक हिरवी पट्टी थोडी भरलेली दिसते आणि 'सिल्व्हरसाठी फक्त इतके' असं त्यात लिहिलेलं असतं. 'फक्त' या शब्दावर आमच्या इमारतीतली तीन-चार घरं पुरती वाहून गेली.

त्यातले तिसऱ्या मजल्यावरचे काका सिल्व्हरच्या उंबरठ्यावर अडकले होते, म्हणून त्यांनी तंबू घेतला. हवेत फेकला की आपोआप उघडणारा. काकांनी तो हॉलमध्ये फेकला. दोन सेकंदांत उघडला, जाहिरातीत खोटं काही नव्हतं. टीपॉय, टीव्हीचा रिमोट आणि सासूबाईंची खुर्ची एवढ्या गोष्टी त्याने पोटात घेतल्या. उघडायला दोन सेकंद लागणारा तंबू मिटायला किती लागतात, हे खोक्यावर कुठेच छापलेलं नव्हतं. काकांनी तबकडी वळवली, काकूंनी वर गुडघा दाबला, व्हिडिओतल्या परदेशी मुलीने पुन्हा पुन्हा हसून दाखवलं. तंबू दर वेळी एक कोपरा आत घेऊन दुसरा बाहेर काढत होता. शेवटी तो उघडाच गॅलरीत ठेवला. नातू त्यात अभ्यास करतो. आणि काका सिल्व्हर झाले. सिल्व्हर झाल्याने नेमकं काय होतं? वाढदिवसाला जास्तीचे पॉइंट मिळतात.

तळमजल्यावर एक निवृत्त चार्टर्ड अकाउंटंट राहतात. सगळं शांतपणे बघणारा गृहस्थ. सोसायटीच्या सभेनंतर चहा पिताना त्यांनी सांगितलं की १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या 'इंड एएस ११५' या हिशेबाच्या नियमाप्रमाणे कंपनीला पॉइंटांपोटी द्यायची रक्कम विक्रीतून बाजूला काढावी लागते, ती देणी म्हणून वहीत दिसते. "मात्र," ते म्हणाले, "किती लोक पॉइंट वापरणारच नाहीत याचाही अंदाज त्यात धरतात. ब्रेकेज म्हणतात त्याला."

खोलीत शांतता पसरली.

"म्हणजे आपण विसरणार हे त्यांनी लिहून ठेवलंय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"टक्केवारीसकट."

देखभालशुल्क थकवल्याबद्दल नाव फळ्यावर लागलं तरी ज्यांना काही वाटलं नव्हतं, ती माणसं त्या दिवशी दुखावली गेली. परक्या कंपनीने आपला विसरभोळेपणा गृहीत धरावा! त्या आठवड्यात इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाण्याच्या टँकरपेक्षा पॉइंटांची चर्चा जास्त झाली. कुणाचे पॉइंट कधी मरतात याचा तक्ता तयार झाला. होय, पॉइंट 'मरतात' असाच शब्द रूढ आहे. "काकू, तुमचे एकवीस तारखेला मरतायत," असं लिफ्टमध्ये कुणी म्हणालं तर नव्या पाहुण्याने घाबरून जाऊ नये.

या मरणाचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितलंय की यज्ञ करून पुण्य जोडणारे स्वर्गात जातात, तिथले भोग भोगतात, आणि शिल्लक संपली की पुन्हा मर्त्यलोकात. सकाळच्या योगवर्गातल्या एका आजींनी हे ऐकवलं तेव्हा सिल्व्हर काकांनी विचारलं, "पण तिथे न वापरता पडून राहिलं तर?" आजींना उत्तर सुचेना. शिल्लक वापरल्याने संपते हे गीतेला माहीत आहे. न वापरल्यानेही संपते, ही भर दुकानदारांची. उलव्यात तिरुपती देवस्थानाच्या बालाजी मंदिराचं भूमिपूजन जून २०२३ मध्ये झालं आहे. त्या देवाने म्हणे स्वतःच्या लग्नासाठी कुबेराकडून कर्ज काढलं आणि भक्त हुंडीत टाकतात त्यातून अजून व्याजच फिटतंय. एवढ्या जुन्या गिऱ्हाइकाला कुबेराने कधी पॉइंट दिल्याचं ऐकिवात नाही. म्हणून तर कुबेर तो.

मरणाऱ्या पॉइंटांची संध्याकाळ दुकानात बघावी. कुणाकडे चाळीस रुपयांचे असतात, कुणाकडे पंच्याऐंशीचे. एवढ्यात बूट येत नाही, बुटाची नाडी येते. शिट्टी येते. गिर्यारोहकांचा कॅराबिनर येतो. आमच्या इमारतीत त्याला किल्ल्या अडकवतात. खरा कॅराबिनर माणसाचा भार पेलण्यासाठी असतो, आमच्याकडे तो स्कूटीची, तिजोरीची आणि दूध ठेवायच्या पेटीची अशा तीन किल्ल्या पेलतो. शिवाय पॉइंट सवलतीच्या मालावर चालत नाहीत, त्यामुळे ज्यांना चाळीस रुपये वाचवायचे असतात ते सेलमधली टोपी खाली ठेवून पूर्ण किमतीची उचलतात. वर "पॉइंटमधून फुकट पडली" म्हणतात.

मासळी बाजारात मात्र आमच्या मावशी कसलाही नंबर विचारत नाहीत. वाटा पिशवीत टाकला की वर दोन बोंबील टाकतात. न मागता, आणि मागितले तर टाकत नाहीत. महिनाभर दिसलं नाही की "काय गो, श्रावण संपला ना? होतीस कुठे?" म्हणून सगळ्यांसमोर झाडतात. त्यांच्या खात्यात आपली पत किती, हे बघायला अ‍ॅप नाही. बोंबिलाच्या आकारावरून ताडायचं.

तर इतकं सामान जमल्यावर कधीतरी डोंगरावर जाणं भाग होतं. सह्याद्रीत पूर्वीपासून हिंडणारी माणसं अ‍ॅक्शन कंपनीचे स्वस्तातले ट्रेकिंग बूट आणि घरातली वळकटी यांवर हरिश्चंद्रगड करून आली आहेत. आमच्या मंडळींनी कर्नाळा निवडला, कारण पनवेलच्या पुढे गोवा महामार्गालाच लागून आहे आणि गाडी पायथ्यापर्यंत जाते. किल्ल्यावर अंगठ्याच्या आकाराचा सुळका आहे, लांबूनही ओळखू येतो. वासुदेव बळवंत फडक्यांचं शिरढोण तिथून जवळच, आणि त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. हे मी वाटेत सांगितलं. "किल्लेदार म्हणजे प्लॅटिनमच," सिल्व्हर काका म्हणाले.

कर्नाळा पक्षी अभयारण्यात आहे. नाक्यावर वनखात्याची माणसं पिशव्या तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या मोजतात आणि त्यापोटी अनामत ठेवून घेतात. येताना वस्तू दाखवा, पैसे घेऊन जा. इतके खिसे असलेल्या पाठपिशव्या त्या माणसांनी पूर्वी तपासल्या नसाव्यात. प्रत्येक खिशातून काहीतरी निघत होतं, आणि निम्म्याला किमतीची चिठ्ठी अजून लटकलेली होती.

चढ सुरू झाला. घडीच्या काठ्या उघडल्या, त्यातली एक पुन्हा मिटली आणि काकू तिच्यासोबत खाली वाकल्या. नवे बूट टाचेला लागले. वरून खांद्यावर टोपली घेतलेल्या एक बाई प्लास्टिकच्या चपला घालून उतरत आल्या, आमच्याकडे पाहून थांबल्या आणि विचारलं, "हिमालयात चाललात का?" निम्म्या वाटेवर सेक्रेटरींनी जाहीर केलं की अंगठा इथूनच जास्त चांगला दिसतो, अगदी जवळ गेलं की नुसता दगड. ठराव एकमताने मंजूर झाला. डबे उघडले, मेथीचे ठेपले संपले, फोटो निघाले, आणि मंडळी उतरून नाक्यावर आली.

बाटल्या मोजल्या. एक कमी भरली.

"राहू दे," मी म्हणालो, "बाकीच्यांचे पैसे मिळतायत."

सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं. "अहो, हे शंभर टक्के परत देतायत. शंभर! अर्धा नव्हे." त्यांनी टाचेला लागणारे बूट काढून गाडीत ठेवले, ड्रायव्हरच्या चपला पायात घातल्या आणि निघाले. त्यांच्यामागे सिल्व्हर काका, मग सायकलवाला तरुण. ठेपले खाल्ल्या जागी बाटली नव्हती. कुणीतरी म्हणालं, पाण्याला पुढे एक जण गेला होता, तिथे राहिली असेल. ते पुढे गेले. तिथेही नव्हती. असं करत करत तिघं थेट अंगठ्याच्या बुंध्यापर्यंत पोचले आणि तिथून त्यांनी खाली फोन लावला, की वर आलोय, बाटली काही दिसत नाही, तुम्ही जरा गाडीत सीटखाली बघा.